सकाळचं माप

आम्ही गेलो तर जवळजवळ सगळेच गेलो. आमच्यात असंच असतं, तुम्हाला कळेलच. काकाचा दात काढायचा होता तेव्हासुद्धा दवाखान्यात आम्ही चौघं होतो, आणि कुठला दात दुखतोय ते डॉक्टरला आत्यानं सांगितलं. काका आपला आ वासून बसलेला. डॉक्टर म्हणाला, "यांना बोलू द्या की." तर आत्या म्हणाली, "तो काय बोलणार, त्याला दुखतंय."

त्या गुरुवारी पण तसंच. बाबा पुढे, त्यांच्यामागे हातात बिस्किटांचा पुडा घेऊन आत्या, मग काका, काकाच्या अगदी मागे काकू, तो पळून जाईल म्हणून की पडेल म्हणून ते तिचं तिलाच माहीत, आणि शेवटी मी. फक्त भिंगरी, म्हणजे काकाची मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, ती दुकानात थांबली. काचेचं दुकान उघडं टाकून जाता येत नाही. तिला एवढंच सांगितलं होतं की पप्पांच्या तब्येतीसाठी कुणाला तरी भेटायला जातोय. ती म्हणाली, "बरं झालं, जाताय एकदाचे." आणि परत आरशाच्या तुकड्यांवर हिरकणी चालवायला लागली.

हिरकणी म्हणजे आमचं काच कापायचं हत्यार. पेनासारखं असतं, टोकाला हिऱ्याचा कण. पट्टी धरायची आणि एक रेघ ओढायची, एकच. मध्ये थांबायचं नाही आणि त्याच रेघेवरून परत जायचं नाही, गेलं की काच कुठंही फुटते. आजोबांच्या हातात ती होती, त्यांच्यानंतर काकाच्या. बाबांच्या उजव्या हातावर एक मोठं तावदान पडलं तेव्हापासून त्यांचा अंगठा वाकत नाही, ते फक्त गिऱ्हाइकाशी बोलतात. म्हणजे दुकान बाबांचं, पण हात काकाचा. आणि त्या हाताचीच सगळी गोष्ट आहे.

हे ठिकाण मुळात सापडलं कसं, ते सांगते. त्याच्या आधी काही दिवस वाचनालयाच्या वरच्या खोलीतली खिडकीची काच फुटली म्हणून आम्हाला बोलावणं आलं होतं. काका आणि मी गेलो. दुपार टळून गेलेली. सकाळी काकाचा हात दगडासारखा असतो, पण दुपारनंतर तो काकाचा राहत नाही. त्यानं तिथंच जमिनीवर जाड कापड अंथरून काच कापली, आणि ती बोटभर आखूड झाली. काका आणि आखूड! मी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यानं फटीत पुट्टी भरली, वर अंगठ्यानं दाबली, आणि अंगठाही असा थरथरत होता की पुट्टीवर नक्षी उमटली.

खोलीत आमचे भूगोलाचे सर खुर्च्या मांडत होते. गोल मांडत होते. मला शाळेत शिकवलेले तेच, आता रिटायर झालेले. मला वाटलं व्याख्यान-बिख्यान असेल. सर काचेकडे बघेचनात, काकाच्या हाताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी या इथं."

काका म्हणाला, "येतो ना. दुसरी कापून आणतो."

"काच राहू दे. हत्यारं आणू नका. नुसते या."

जिना उतरताना काका एवढंच म्हणाला, "घरी बोलू नकोस." मी घरी पोचल्या पोचल्या काकूला सांगितलं. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

काकू तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिनं नंतर मला सांगितलं, की मी 'गोल खुर्च्या' म्हटलं तेव्हाच तिला कळलं. तिच्या माहेरच्या गल्लीतले एक जण दारू सुटावी म्हणून अशाच खुर्च्यांवर जाऊन बसायला लागले आणि माणसात आले होते. ती म्हणाली, हातातला टॉवेल पिळता पिळता माझ्या मनात आलं, म्हणजे असली खोली इथं आपल्या गावातच होती, आणि मी एवढी वर्षं काय करत होते. मग ती आत गेली आणि बाबांना, दीर म्हणून कधी वर मान करून बोलली नव्हती त्या बाबांना, म्हणाली, "भाऊजी, गुरुवारी हे तिथं गेले तर ठीक. नाही तर शुक्रवारी मी आणि भिंगरी माझ्या बहिणीकडे."

बाबांनी आत्याकडे बघितलं. आमच्याकडे आई गेल्यापासून असं काही झालं की सगळे आत्याकडेच बघतात. आत्या म्हणाली, "जायचं तर सगळे जाऊ. त्याला एकट्याला काय सांगता येतंय."

काकाला कुणी विचारलं नाही. तो कोपऱ्यात बसून फ्रेमच्या कडा घासत होता. घासणं तेवढं थांबलं, आणि परत सुरू झालं.

आता ते माप. ते समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

आत्या आयुष्यभर औषधाच्या दुकानात होती. घरात औषधांचं कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली तिच्या कमरेला. त्या कपाटात ब्रँडीची बाटली असते. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आत्या खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ना, ते रेघांचं प्लास्टिकचं माप, ते वरच्या रेघेपर्यंत भरते, डोळ्यांसमोर धरून बघते, आणि म्हणते, "बाळ, घे." काका उभ्यानंच पितो. मग हिरकणी उचलतो आणि हात स्थिर. आत्या ते माप विसळून पालथं घालते. झालं. दात घासण्याइतकं साधं. संध्याकाळी काका बाहेर जाऊन जे करायचा, पडायचा, रडायचा, काकूच्या बांगड्या गहाण ठेवून यायचा, त्याला आमच्या घरात दारू म्हणायचे. सकाळचं ते माप. मला कळायला लागल्यापासून हे दोन वेगळे शब्द होते, आणि खरं सांगते, मलाही ती दोन वेगळीच वाटायची. आजोबांनाही आजी असंच द्यायची. आजोबा कधी प्यायले नाहीत, असं आमच्यात छातीवर हात ठेवून सांगतात.

तर ती खोली. आठ-दहा माणसं होती. एक टॅक्सीवाला, एक शिवणकाम करणारी बाई, एक अगदी टापटीप बँकवाला, बाकीची कोण काय ते कळलं नाही. आम्ही पाच जण आल्यावर खुर्च्या कमी पडल्या, मग खालून बाक आणला. आत्यानं बिस्किटं फिरवली. बाबा बसल्या बसल्या खिडकीकडे बघायला लागले, आणि मी बघितलं की त्यांनी ती फट बघितली. पुट्टीचा एक तुकडा पडला होता, तिथून वारा आत येत होता आणि बारीक शीळ वाजत होती. बाबा माझ्या कानात म्हणाले, "ही आपली काच?"

"हो."

"कुणाला सांगू नकोस."

सर म्हणाले, "आज घरची माणसंही आलीत, चांगलंय. इथं एकच गोष्ट सांभाळायची. ज्यानं त्यानं आपलं आपलं बोलायचं. दुसऱ्याचं नाही."

आणि मग त्यांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. मी दारुडा आहे, असं म्हणाले. अगदी सहज. मी वर्गात नद्या शिकवायचो तेव्हा खिडकीशी उभा राहायचो, कारण पोरांना वास येऊ नये. मला एकदम आठवलं. आम्ही म्हणायचो सरांना बाहेर बघायला आवडतं. एका मुलीनं तर त्यांच्यावर कविता केली होती.

शिवणकामवाली म्हणाली, तिनं सुईत दोरा ओवता येईना म्हणून प्यायला सुरुवात केली, आणि मग प्यायल्याशिवाय ओवता येईना. टॅक्सीवाला म्हणाला, "मी काय, मला आनंद झाला तरी प्यायचो, दुःख झालं तरी प्यायचो, आणि दोन्ही नसलं तर कंटाळा आला म्हणून." सगळे हसले. काकाही हसला. काकूनं मला नंतर सांगितलं, की ती त्याचं हसणं बघतच राहिली. किती वर्षांनी ते न पिता हसले. तिला वाटलं, जमेल. बहिणीला फोन करायची गरज नाही. तिनं तो फोन मनातल्या मनात पुसून टाकला.

मग काकाची पाळी आली.

काका खुर्चीच्या कडेला सरकला. हात मांड्यांखाली धरून बसला होता. तोंड उघडलं त्यानं, आणि बाबा म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ. तसा स्वभावानं फार चांगला. संगत वाईट लागली."

"दादासाहेब," सर म्हणाले, "त्यांचं त्यांना बोलू द्या."

"तो बोलत नाही हो. आम्हीच सांगतो त्याचं."

"मग तुमचं काही असेल तर बोला."

"माझं काय? माझं काहीच नाही." बाबांनी हात झटकले, जसं गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की झटकतात तसे. मला वाटतं, सगळ्या आयुष्यात त्यांना स्वतःबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारलं तर आत बघावं कुठं हेच त्यांना कळेना.

मग आत्या पुढे सरसावली. ती म्हणाली, "तसं आम्ही सगळं हाताबाहेर जाऊ दिलेलं नाही. मी औषधाच्या दुकानात होते, मला कळतं. मी रोज सकाळी मापानं मोजून देते. थेंबभर जास्त नाही. किल्ली माझ्याकडे."

ती हे अशा आवाजात म्हणाली ना, चांगला पेपर लिहिलेल्या मुलीसारखं. शाबासकीची वाट बघत.

खिडकीची शीळ तेवढी वाजत होती.

टॅक्सीवाल्यानं हळूच विचारलं, "माप कोण भरतं, ताई?"

"मीच."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. मला ताप होता तेव्हा पण उठले होते."

शिवणकामवालीनं आत्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आणि बिस्किटांचा पुडा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला. मला तिच्याकडे बघवेना. तुम्ही म्हणाल चूक तिचीच, पण तिनं काकाला लहानपणापासून अंगाखांद्यावर वाढवलंय हो. त्याला ती अजून बाळ म्हणते, आणि तो पन्नाशीला आलाय.

आणि मग काका बोलला.

"मला घरी बाळ म्हणतात," तो म्हणाला. "मी सोळा वर्षांचा होतो. वडिलांच्या, अप्पांच्या छातीत दुखत होतं म्हणून मोठा आरसा कापायला मला उभं केलं. सगळे बघत होते. माझा हात थरथरला."

"बाळ," बाबा म्हणाले.

"अप्पा म्हणाले, याला पण दे थोडं. आईनं दिलं. मग मी कापला. एका रेघेत. अप्पांनी मला जवळ घेतलं, आयुष्यात तेवढं एकदाच." काकानं मांड्यांखालचे हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघितलं. "पण तोवर मी कधी प्यायलोच नव्हतो. म्हणजे हात त्यानं थरथरत नव्हता. मी घाबरलो होतो. पोरगं होतो, घाबरलो होतो. एवढंच होतं ते. थोडा वेळ थांबले असते तर थांबला असता हात."

"असं काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "अप्पांनी कधी..."

"मी तुझं नाही सांगत, दादा. माझं सांगतोय."

एवढं म्हणून त्यानं हात परत मांड्यांखाली घातले. टाळ्या-बिळ्या नाही वाजल्या. सर नुसते म्हणाले, "बरं झालं आलात." आणि पुढच्या माणसाची पाळी सुरू झाली. तो काय बोलला ते आमच्यातल्या एकालाही आठवत नाही.

निघताना सरांनी आम्हाला जिन्यापाशी थांबवलं. म्हणाले, "हे एकदम तोडू नका, एवढ्या वर्षांचं आहे, जिवावर बेतू शकतं. उद्या सकाळी मी स्वतः येतो, डॉक्टरांकडे नेतो. काही दिवस ठेवून घेतील. काय द्यायचं, किती द्यायचं ते ते ठरवतील. आणि दादासाहेब, तोवर यांच्या हातात काच देऊ नका."

"उद्या नाचाच्या क्लासचा आरसा न्यायचाय," बाबा म्हणाले.

"मग एखाद दिवस थांबेल क्लास."

बाबा हो म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं, हो म्हणाले.

घरी येताना रस्त्यात आमची रांग बदलली. काकू आणि काका पुढे, शेजारी-शेजारी. काकूनं त्याची बाही धरली होती. मी मध्ये. बाबा आणि आत्या मागे, आणि त्यांचं हळू आवाजात चाललेलं, ते मला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकलंस ना, सर काय म्हणाले. एकदम तोडू नका म्हणाले. म्हणजे तू देत होतीस ते बरोबरच होतं."

आत्यानं हातातला पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"उद्या सकाळचं दे. तेवढा आरसा होऊ दे. मग जाईल तो डॉक्टरकडे, सरांना मी बसवून ठेवतो चहा-बिहा देऊन. नाही तर समोरचा तो मशीननं काच कापणारा टपूनच बसलाय. एकदा क्लासवाली तिकडे गेली की गेलीच."

"त्या बाई माझ्याकडे कशा बघत होत्या, बघितलंस?" आत्या म्हणाली.

"कोण?"

"शिवणकाम करणाऱ्या."

"त्यांना काय कळतंय आपल्या घरातलं."

आत्यानं उरलेल्या बिस्किटांचा पुडा परत आणला होता. तो तिनं रस्त्यात एका कुत्र्याला घातला, एकेक बिस्कीट, शेवटचं संपेपर्यंत. आम्ही थांबून राहिलो. ती कधी काही वाया घालवत नाही.

सकाळी मी खाली दुकानात आले तेव्हा काका आधीच येऊन बसलेला. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. शर्टाची बटणं काकूनं लावली असणार, कारण त्याचे हात अक्षरशः उडत होते. कपाळावर घाम. तरी चेहरा असा होता की परीक्षेला निघालाय आणि या वेळी थोडा तरी अभ्यास झालाय. पायाशी एक पिशवी, तिच्यात टॉवेल-बिवेल.

आत्या माप घेऊन आली. भरलेलं. पण डोळ्यांसमोर धरून बघितलं नाही तिनं त्या दिवशी.

"ताई, नको," काका म्हणाला. "सर येतायत. डॉक्टर देतील ते घेईन."

आत्यानं माप तसंच टेबलाच्या कडेला ठेवलं. आणि मला वाटतं, मी चुकत असेन, पण मला वाटतं तिला बरं वाटलं.

तेवढ्यात टेम्पो आला. नाचाच्या क्लासची बाई स्वतः पुढे बसून आलेली. सर यायला अजून वेळ होता. बाबा तिच्याशी हसून बोलले, आत आले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाळ, एकच रेघ आहे. बाकी सगळं कापून झालंय. एकच."

"दादा, आज नको."

"मी काय दारू पी म्हणतोय का? सकाळचं घे तुझं, रेघ ओढ आणि जा. सर काल काय म्हणाले? एकदम तोडू नका."

"भाऊजी," काकू दारातून म्हणाली, "तुम्ही काल हो म्हणाला होता."

"तू मध्ये पडू नकोस."

"मीच पडणार. आणखी कोण आहे मध्ये पडायला?"

काकानं मान हलवली. नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना नाही. बाबा उभेच राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते घाबरले होते हो. न वाकणारा अंगठा चोळत उभे होते. दुकान, टेम्पो, दारातली ती बाई, समोरचा मशीनवाला, सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांना भिंगरी दिसली.

"तू ओढतेस का गं? तुकड्यांवर तर छान ओढतेस."

भिंगरी एकदम पुढे आली. तिला तर हेच हवं होतं. किती दिवस ती मागे लागलेली, मला मोठी काच द्या. आणि तिला वाटलं, आपण कापला तर पप्पांना जाता येईल. काल तिथं काय बोलणं झालं ते तिला कुठं माहीत होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं टेबलावर पट्टी धरली. आरसा केवढा मोठा, पलीकडचं टोक दिसेना. हिरकणी टेकवली. टेम्पोतली बाई आत येऊन उभी राहिली. आम्ही सगळे बघत होतो. आणि भिंगरीचा हात थरथरायला लागला.

थोडासाच. हिरकणी काचेवर टिक टिक टिक वाजायला लागली.

"थांब जरा," मी म्हणाले. "श्वास घे."

"मी करते," ती म्हणाली. "मला जमतं. थांबा."

आणि आत्यानं टेबलाच्या कडेला ठेवलेल्या त्या मापाकडे बघितलं. देवाशपथ सांगते, तिच्या मनात काहीही नव्हतं. नुसती नजर गेली. एवढ्या वर्षांची सवय, हात थरथरला की तिची नजर तिकडेच जाते. पण ती नजर बाबांनी बघितली, मी बघितली, काकूनं बघितली. आणि काकानं बघितली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. काका उठला, तीन ढांगांत टेबलाशी आला, माप उचललं आणि प्यायला. अर्धं हनुवटीवर सांडलं. काकू नुसती "अहो" म्हणाली. तो टेबलाला दोन्ही हात टेकून, डोळे मिटून उभा राहिला. आम्ही पण. मग त्यानं भिंगरीच्या हातातून हिरकणी काढून घेतली. ती सोडेना, त्यानं तिचं एकेक बोट उघडलं.

"पप्पा, मला जमलं असतं."

"माहितीये," काका म्हणाला. "थोडं थांबली असतीस तर जमलं असतं. हो मागे."

आणि त्यानं रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, कर्र करत. टेबलाच्या कडेला आणून खालून टिचकी मारली आणि आरसा दोन झाला. केसभरही फरक नाही. टेम्पोतली बाई म्हणाली, "वा, हात आहे हो."

काकानं हिरकणी खाली ठेवली, काकूकडे बघितलं आणि म्हणाला, "हिला घेऊन जा. तुझ्या बहिणीकडे. आजच."

"अहो, सर येतायत ना. पिशवी भरलीये."

"हिला या दुकानात ठेवू नकोस."

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली, काय झालं, मी काय केलं. काकू रडली नाही. मघाशी भरलेली ती पिशवी तिनं उचलली, त्यातला काकाचा टॉवेल बाहेर काढून खुर्चीवर ठेवला, आणि भिंगरीचा दंड धरून आत गेली.

सर आले तेव्हा आरसा टेम्पोत चढवून झाला होता. त्यांनी दारातूनच काकाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांना वासावरून कळणारच. बाबा लगबगीनं पुढे गेले.

"बघा सर, याचा हात बघा. काही झालेलं नाही याला. आज जरा गडबड झाली, पुढच्या गुरुवारी नक्की."

सर काकाला म्हणाले, "अजून चला. डॉक्टरांना सांगू, सकाळी घेतली म्हणून. त्यानं काही बिघडत नाही. चला."

काका त्या टॉवेलकडे बघत होता. खूप वेळ. मला वाटलं उठतोय. खरंच वाटलं.

"तुमच्या खिडकीची काच आखूड झालीये, सर," तो म्हणाला. "येईन एकदा. बदलून देईन."

"काच राहू दे."

"नाही, नाही. वारा येतो."

सर पायरी उतरून गेले. आतून काकूच्या फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, हो, दोघीच, दुपारपर्यंत येतो.

आत्यानं माप उचललं, विसळलं, पालथं घातलं. मग कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. टेबलावर काकासमोर ठेवली, काचेवर टण्ण वाजली.

"मी नाही आता देणार, बाळ," ती म्हणाली. "त्या बाई माझ्याकडे कशा बघत होत्या. तुझं तू घे."

बाबा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी काचेचा चुरा झाडायला लागले. किल्ली तिथंच पडून होती, मी झाडता झाडता दोनदा बघितली.

टेबल पुसायला फडकं घेऊन आले तेव्हा नव्हती.